ऑक्टोबरात जा, एकाच शहरात राहा

दिवाळीच्या सुट्टीत युरोपला जायचं म्हणून ज्या घरांत सध्या सहलींची माहितीपत्रकं उघडून खल चालला असेल, त्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. दहा दिवसांत सहा देशांचा तो कार्यक्रम बाजूला ठेवा. दक्षिण युरोपातलं, समुद्राकाठचं, उन्हाचं एक शहर निवडा आणि पाच-सहा रात्री तिथेच मुक्काम करा. रोज सकाळी बॅगा भरायच्या नाहीत, रोज नवं हॉटेल नाही, बसच्या खिडकीतून देश मोजायचे नाहीत.

हीच विनंती म्युनिक, ॲम्स्टरडॅम, लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी मुलामुलींनाही आहे. तुमचे आई-वडील तीन महिन्यांसाठी तुमच्याकडे येतात. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. मग ऑक्टोबर लागतो, आभाळ भरून येतं, तुम्ही ऑफिसला, नातवंडं शाळेत, आणि बाबा खिडकीशी बसून ओला रस्ता बघत राहतात. शनिवार-रविवारी तुम्ही त्यांना गाडीत बसवून चार ठिकाणं दाखवून आणता. ते ‘छान होतं हं’ म्हणतात, गुडघ्यांचं सांगत नाहीत. नेदरलँड्समध्ये ऑक्टोबरात शाळांना आठवडाभर सुट्टी असते, इंग्लंडची हाफ-टर्म ऑक्टोबरअखेर येते, जर्मनीत राज्याप्रमाणे ऑक्टोबर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्या आठवड्यात त्यांना उन्हात घेऊन जा. फिरवू नका. नुसतं घेऊन जा.

ऑक्टोबरच का, ते आधी सांगते. आपल्याकडे ऑक्टोबर म्हटलं की घामाच्या धारा आठवतात. स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर, व्हॅलेन्सियात, त्याच महिन्यात दुपारचं तापमान २४ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे १५. पण खरी गंमत समुद्राची आहे. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. तीन महिने खाल्लेलं ऊन भूमध्य समुद्र पोटात जपून ठेवतो, त्यामुळे ऑक्टोबरातही पाणी २२ अंशांच्या घरात असतं. मे महिन्यात हवा जवळपास तशीच असते, पण पाण्यात पाय घातला की झिणझिण्या येतात. उन्हाळ्याच्या ऐन भरात जाण्याचा विचार तर सोडूनच द्या. ११ ऑगस्ट २०२१ रोजी सिसिलीत सिराक्यूजजवळ ४८.८ अंशांची नोंद झाली आणि पुढे जागतिक हवामान संघटनेने ती युरोपातला उच्चांक म्हणून मान्य केली. अथेन्सचं ॲक्रोपोलिस अलीकडच्या उन्हाळ्यांत उष्णतेच्या लाटेत भर दुपारी बंद ठेवावं लागलं आहे. चंद्रपूर-नागपूरच्या माणसाला ऊन नवं नाही हे मला माहीत आहे. पण घरच्या उन्हात आपली ओसरी आपल्या हक्काची असते, परक्या गावात नसते.

आता व्हॅलेन्सियाच का? कारण ते मला मनापासून आवडतं, आणि मराठी माणसाला ते पटकन उमगतं. शहर मोठं आहे पण अंगावर येत नाही. जुन्या गावातून नदीच्या पात्रापलीकडे पोन्त दे फुस्ता नावाचं ट्रामचं स्थानक आहे. तिथून चार नंबरची ट्राम थेट माल्वारोसाच्या किनाऱ्यापर्यंत जाते. रुंद, सपाट वाळू. लागून फरसबंद पदपथ, त्यावर बाक. ज्यांना वाळूत चालवत नाही ते बाकावर बसतात, ज्यांना चालवतं ते चालतात. हंगाम संपलेला असल्याने भाड्याच्या खुर्च्या-छत्र्यांची गर्दी ओसरलेली असते. चित्रकार होआकीन सोरोयाने याच किनाऱ्यावर पाण्यात खेळणारी मुलं आणि शिडाच्या होड्या ओढणारे बैल रंगवले. त्याच्या चित्रांतला तो पांढरा झगझगीत उजेड ऑक्टोबरात थोडा मऊ होतो, डोळ्यांना सुखावतो.

कोकणातल्या आणि मुंबईच्या माणसाला इथे एक गोष्ट उलटी दिसेल. आपला सूर्य समुद्रात बुडतो, इथला समुद्रातून वर येतो. आणि ऑक्टोबरच्या मध्यावर तो येतो सकाळी आठच्या सुमाराला, त्यामुळे सूर्योदय बघायला पहाटे चारला गजर लावावा लागत नाही. चहा घेऊन सावकाश निघायचं, तरी वेळेवर पोचता. दुसरी गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. इथलं पाणी दिवसभरात जेमतेम वीतभर वर-खाली होतं. सकाळी जिथे चप्पल काढली तिथे संध्याकाळीही किनारा तिथेच असतो.

नदीच्या पात्राचा उल्लेख वर सहज आला, पण तिथे थांबायला हवं, कारण त्या पात्रात नदी नाही. १४ ऑक्टोबर १९५७ रोजी तुरिया नदीला महापूर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेला नव्या पात्रात वळवण्यात आली. रिकाम्या झालेल्या जुन्या पात्रातून मोठा रस्ता काढायचा सरकारी बेत होता. लोकांनी तो होऊ दिला नाही. आम्हाला इथे हिरवळ हवी, असा त्यांनी हट्ट धरला आणि १९८० च्या दशकात तिथे बाग झाली. आज शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर सलग बाग आहे, वर जुने दगडी पूल तसेच उभे आहेत आणि त्यांच्या कमानींखालून सायकली जातात. एक अख्खा दिवस या बागेला द्या. नातवंडांना सायकल घेऊन द्या, आजी-आजोबांना झाडाखाली बसू द्या. मुठेच्या किंवा मिठीच्या काठी राहणाऱ्या वाचकाला ही बाग बघताना जे वाटेल ते मी वेगळं सांगायला नको.

पाण्याचीच दुसरी गोष्ट. दर गुरुवारी भर दुपारी बारा वाजता, कॅथीड्रलच्या ‘प्रेषितांच्या दारा’समोर काळे अंगरखे घातलेले आठजण अर्धवर्तुळात खुर्च्या मांडून बसतात. हे पाण्याचं न्यायालय. तुरियाच्या आठ पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडून दिलेले हे प्रतिनिधी. कोणी पाळीपेक्षा जास्त पाणी घेतलं, कोणी पाट तुंबू दिला, तर तिथेच तोंडी सुनावणी, तिथेच निवाडा. वकील नाही, कागदांचे गठ्ठे नाहीत. ही प्रथा हजार वर्षांची मानली जाते, आणि २००९ मध्ये युनेस्कोने तिला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. तक्रार नसेल तर सगळं काही मिनिटांत आटोपतं, म्हणून पावणेबारालाच जाऊन उभे राहा. खानदेशात पांझरा-मोसमच्या काठची फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, बंधारा, पाट आणि पाळी हे शब्द ज्यांच्या घरात बोलले गेले आहेत, त्यांना भाषेचं एक अक्षर न कळताही तिथे काय चाललंय ते कळेल. आपला मुक्काम गुरुवारवरून जाईल असाच आखा.

आणि भात. शहराच्या दक्षिणेला दहा-बारा किलोमीटरवर अल्बुफेरा नावाचं सरोवर आहे, त्याभोवती भातखाचरं. सप्टेंबरपासून कापणी सुरू होते. जगभर गेलेली पाएया इथली. मूळची पाएया समुद्रातल्या जिन्नसांची नव्हे, ससा, कोंबडी आणि शेंगांची. रुंद उथळ कढईत भात शिजतो, आणि तळाशी लागलेली खरवड सगळ्यात मानाची. आपल्याकडे खरवडीवरून भावंडांत भांडणं होतात, इथेही तेच. पाएया दुपारची खातात. रात्री नऊला मोठी पाटी लावून पाएया विकणारं हॉटेल दिसलं तर पुढे चालू लागा.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नये, पण गाफीलही राहू नये. ‘मांस नको’ एवढंच सांगितलं तर सॅलडवर ट्यूना मासा येतो, कारण तिथे मासा म्हणजे मांस नव्हे. ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो’ असे दोन्ही शब्द म्हणा. भाज्यांची पाएया मिळते, पण ती कशाच्या पाण्यात शिजवली हे विचारा. भाजलेली ढोबळी मिरची आणि वांगी यांचं ‘एस्पेन्कात’ मागवताना वर खारवलेला मासा नको म्हणून सांगा, मग ते भरताच्या अगदी जवळचं. टोमॅटो चोळलेला पाव कुठेही मिळतो. आणि ओर्चाता प्यायल्याशिवाय परत येऊ नका. नागरमोथ्याच्या कुळातल्या चुफा नावाच्या छोट्या कंदांपासून काढलेलं हे थंड, दुधासारखं पेय. यात दुधाचा थेंब नसतो. शेजारच्या अल्बोराया गावात त्या कंदांची शेतं आहेत.

जेवणाच्या वेळा मात्र सांभाळा. दुपारचं जेवण दोन ते साडेतीन, रात्रीचं नऊनंतर. मधल्या वेळात बहुतेक स्वयंपाकघरं बंद असतात. साडेसातला जेवणारी आपली वडीलधारी माणसं याने कावून जातात, औषधांच्या वेळा चुकतात. यावर उपाय साधा आहे. सकाळी जुन्या गावातल्या मेर्कादो सेन्त्राल या १९२८ साली उघडलेल्या मंडईत जा. छत उंच, खिडक्या रंगीत काचांच्या, आणि खाली भाज्या-फळांचे गाळे. ऑक्टोबरात डाळिंबं येतात, आणि काकी नावाचं नारिंगी फळ येतं. पाव, फळं, चीज, बदाम घेऊन ठेवा. दुपारी पोटभर जेवा आणि रात्री खोलीत हलकं खा. मंडई दुपारी तीनच्या सुमाराला बंद होते आणि रविवारी उघडत नाही. ९ ऑक्टोबर हा व्हॅलेन्सियाचा आणि १२ ऑक्टोबर हा सगळ्या स्पेनचा सण, त्या दिवशी दुकानं बंद असतील हे धरून चाला.

आता जे सांगायचंय ते नीट लक्ष देऊन वाचा. माहितीपत्रकात ऊन छापलेलं असतं, पाऊस नसतो. या किनाऱ्यावर सर्वांत जास्त पाऊस शरदातच पडतो. समुद्र उबदार आणि वर उंचावर थंड हवेचा तुकडा अडकला की काही तासांत आभाळ फाटतं. तिथे त्याला ‘दाना’ म्हणतात. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी व्हॅलेन्सिया प्रांतात असाच पाऊस झाला. तुरीस या गावी एका दिवसात ७७० मिलिमीटरहून अधिक. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, ते आठवा. व्हॅलेन्सियाच्या या पुरात दोनशे वीसहून अधिक माणसं गेली. नव्या पात्रामुळे मुख्य शहर वाचलं, पण त्या पात्राच्या दक्षिणेकडची पाइपोर्तासारखी गावं बुडाली. लोकांच्या फोनवर धोक्याचा संदेश आला तो रात्री आठनंतर. तोवर रस्त्यांवर पाणी होतं, आणि गाडी वाचवायला तळघरात उतरलेली माणसं तिथेच अडकली होती.

हे घाबरवायला सांगत नाही. अशा दिवसांची पूर्वसूचना असते. स्पेनची हवामान संस्था पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देते, ते रोज सकाळी बघा. नारिंगी किंवा लाल असेल तर त्या दिवशी अल्बुफेरा नाही, भाड्याची गाडी नाही, तळघरातली पार्किंग तर नाहीच. हॉटेलात वरच्या मजल्यावर बसा, पत्ते खेळा. पैसे भरलेली सहल बुडाली तरी बुडू द्या. आणि समुद्राचंही तसंच. शरदात बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. पूर्वेचा वारा सुटला की सकाळी तळ्यासारखं असणारं पाणी उसळायला लागतं. लाल झेंडा असेल तर पायसुद्धा बुडवू नका, पिवळा असेल तर गुडघ्यापर्यंत. आपल्याकडची पोरं मुरुड-गुहागरला जे धाडस करतात ते इथे करू देऊ नका. मदतीचा क्रमांक साऱ्या युरोपात एकच, ११२.

राहायचं कुठे, यावर माझं मत ठाम आहे. हॉटेलात राहा. किनाऱ्याला लागून काबान्याल नावाचा जुना कोळ्यांचा मोहल्ला आहे. ठेंगणी घरं, दर्शनी भिंतींवर रंगीत फरशांची नक्षी. १९९८ मध्ये या मोहल्ल्यातून समुद्रापर्यंत हमरस्ता काढायची योजना मंजूर झाली, त्यात शेकडो घरं पडणार होती. रहिवासी जवळपास सतरा वर्षं लढले आणि २०१५ मध्ये योजना बारगळली. म्हणजे घरं वाचली. आणि आता त्याच घरांतली भाडेकरू माणसं पर्यटकांना खोल्या देणाऱ्यांपुढे टिकत नाहीत. वरळीच्या किंवा माहीमच्या कोळीवाड्यात असं झालं तर आपल्याला कसं वाटेल? बार्सेलोना शहराने तर २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या सदनिकांचे परवाने संपवायचं ठरवलं आहे. कुटुंब मोठं आहे, स्वयंपाकघर हवंच आहे, असं असेल तर स्वयंपाकाची सोय असलेलं हॉटेल शोधा. तेही जमलं नाही आणि घरच घ्यावं लागलं, तर परवाना क्रमांक बघितल्याशिवाय पैसे भरू नका. काबान्यालमध्ये जरूर फिरा, तिथल्या दुकानातून पाव-फळं घ्या, पण दारांत डोकावून फोटो काढू नका. पोहण्याच्या कपड्यांत गावातून हिंडू नका, बार्सेलोनात तर त्याला दंड आहे.

दिवाळी कधी येते त्यावरही थोडं ठरतं. नोव्हेंबरात आली आणि सुट्टी तेव्हाच असेल, तर आणखी दक्षिणेला सरका. पोहणं होईलच असं नाही, पण ऊन मिळेल. मलागा चालेल. सिसिलीतलं पालेर्मो तर फारच चालेल. तिथल्या मंडयांत हरभऱ्याच्या पिठाच्या वड्या तळून पावात घालून देतात, ‘पाने ए पानेले’. वडापावावर वाढलेल्या माणसाला हे खाताना काय वाटतं ते अनुभवायचंच आहे. मोन्देलोचा किनारा शहरातून बसने गाठता येतो. २ नोव्हेंबरच्या पितरांच्या सणाला साखरेच्या रंगीत बाहुल्या आणि बदामाच्या लगद्याची फळं दुकानांत मांडतात, आणि गेलेली माणसं मुलांसाठी भेटी ठेवून जातात असं घराघरांत मानतात.

गोव्याच्या वाचकांना लिस्बन जवळचं वाटेल, आणि बाकीच्यांनाही वाटावं. बटाटा, पाव, चावी, पगार हे शब्द आपल्या तोंडी आले ते तिथूनच. गल्लीतल्या पाटीवर ‘बटाटा’ वाचून आजी हमखास हसणार. काइश दु सोद्रे स्थानकातून लोकल गाडी नदीच्या, मग समुद्राच्या कडेने चाळीस मिनिटांत कश्काइशला नेते. शरदात कोपऱ्याकोपऱ्यावर चेस्टनट भाजणाऱ्यांच्या गाड्या लागतात. पण हा समुद्र अटलांटिक आहे. पाणी गार, लाटा दांडग्या, सूर मारायचा नाही. आणि लिस्बनच्या चढणी गुडघ्यांना सोसणाऱ्या नाहीत. म्हणून वयस्कांसोबत जाणार असाल तर माझं मत सपाट व्हॅलेन्सियालाच.

कागदपत्रांचं थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, लंडन-डब्लिनला राहत असलात तरी लागतो. जर्मनी-नेदरलँड्सचा रहिवासी परवाना असेल तर वेगळा लागत नाही, पण पासपोर्ट आणि परवाना दोन्ही बरोबर ठेवा. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा असतो, म्हणून एकच शहर ठरवलं की अर्जही सरळ होतो. शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा गणपतीपर्यंत थांबू नका. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, रांग लांबते. माद्रिदला उतरून व्हॅलेन्सियाची वेगवान गाडी पकडायची असेल तर मध्ये चार तास मोकळे सोडा. गाडीचा प्रवास दोन तासांचाच आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास मागे जातात. फोन स्वतःहून बदलतो, आजोबांचं मनगटी घड्याळ आठवणीने बदलावं लागतं.

परतीचं विमान सकाळचं स्वस्त मिळेल. तरीही संध्याकाळचंच घ्या. शेवटच्या दिवशी बॅगा आदल्या रात्री भरून ठेवा आणि सातच्या ट्रामने किनाऱ्यावर जा. अंधार असेल, बाकांवर दव असेल, म्हणून आईसाठी शाल आणि बसायला वर्तमानपत्र घ्या. त्या वेळी तिथे गावातली म्हातारी माणसं पाण्याच्या कडेने चालत असतात. ‘बॉन दिया’ म्हणा, तेही म्हणतील. आठ वाजेपर्यंत बसून राहा.